रातभर उभी राहणारी गाडी

"म्हंजे रातभर उभी करावी लागते?" रामलिंगनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेत विचारलं.

पलीकडे, हैदराबादेत, त्याचा मुलगा रविकुमार पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगू लागला. मोठी, उंच, खड्ड्यांना न जुमानणारी गाडी घ्यायची हे ठरलंच होतं. शोरूममध्ये दोन पसंत पडल्या होत्या. एक साधी पेट्रोलची. दुसरी नव्या जातीची. तिच्यात पेट्रोलची टाकी होती आणि मोठी बॅटरीही होती, आणि ती बॅटरी मोबाइलसारखी वायर लावून चार्ज करायची.

"रातभर लावून ठेवली की सकाळी भरते, अप्पा. पण मला पेट्रोलचीच बरी वाटायलीय. चालू केली की निघाली. कुठं थांबायची कटकट न्हाई."

"न्हाई, न्हाई. वायरचीच घे."

"कामून?"

आता कामून ते सांगता आलं असतं तर रामलिंगनं फोन या कानावरून त्या कानावर केला असता कशाला? तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "पेट्रोल काय सस्तं हाय का?"

रवी हसला. कारण गाड्यांमधलं रामलिंगला ओ की ठो कळत नव्हतं. त्याचं पोरवय मेंढरांमागं पायी फिरण्यात गेलं. मेंढरं विकली गेल्यावर बसवकल्याणच्या डाळ मिलमध्ये तो वॉचमन झाला आणि पुढची सगळी वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या ट्रकांना फाटक उघडण्यात घालवली. आता आपल्या गावी, मुडबीत, थोडी तूर पेरायची आणि ओट्यावर बसायचं, एवढाच उद्योग राहिला होता. पण त्या फोननंतर गडी बदलला. हॉटेलात चहाला बसला की समोरच्या माणसाला बॅटरीचे गुण सांगायचा. लोक गंमत करायचे.

"रामलिंगअण्णा, गाडी पोराला घ्यायलाव की सोताला?"

"पोरालाच. पण नीट इचार करून घ्यावं माणसानं," असं म्हणून हा गंभीर चेहऱ्यानं बशीत चहा ओतायचा.

खरं सांगायचं तर विचार एकच होता. रवी आईबापाला विसरलेला मुलगा नव्हता. महिन्या-दीड महिन्यानं यायचा. किराणा भरायचा, गोळ्या आणून द्यायचा, पत्र्याला भोक पडलंय का बघायचा. पण त्याची आई अनसाबाई गेल्यापासून तो एक रात्रही मुक्कामाला राहिला नव्हता. उन्हं कलली की त्याची चुळबुळ सुरू व्हायची. कधी ऑफिस, कधी पोराची शाळा, कधी बायकोला, रेणूला, बरं नाही. कारण ऐकून रामलिंग मान डोलवायचा आणि वेशीपर्यंत सोडायला जायचा.

म्हणून "रातभर" हा शब्द ऐकल्याबरोबर त्याचा जीव हरखला. लहानपणी त्याच्या बापाला शेतकरी बोलावणं धाडायचे, आमच्या रानात मेंढरं बसवा म्हणून. खतासाठी एक रात्र कळप रानात बसायचा आणि कळप बसला की धनगरही तिथंच पथारी टाकायचा. जनावरं सोडून तो जातो कुठं? रामलिंगचा हिशेब तितकाच सरळ होता. गाडी रात्रभर दारात बसली, म्हणजे तिचा मालकही बसला.

आणि रवीला पेट्रोलचीच का हवी होती, हेही रामलिंगला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी माघात अनसाबाईचा दम वाढला, तेव्हा रवी संध्याकाळच्या बसनं आला होता. कलबुर्गीला दवाखान्यात न्यायला हवं होतं. गावातली जीप लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेली. दुसरीचं इंजिन चालू होईना. बसवकल्याणहून बोलावलेला एक जण दर फोनला "निघालोच" म्हणत राहिला. तो दारात पोचला तेव्हा उजाडलं होतं आणि अनसाबाईला कुठं न्यायची गरज उरली नव्हती. तेव्हापासून रवीच्या डोक्यात एकच बसलं होतं, गाडी अशी हवी की म्हटल्याक्षणी निघाली पाहिजे. बापाला थांबणारी हवी होती, लेकाला निघणारी, आणि दोघांनी एकमेकांना ते कधी सांगितलं नाही.

शेवटी रवीनं ऐकलं. बापानं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं होतं.

गाडी यायच्या आधी रामलिंगनं गावातल्या वायरमनला, श्रीशैलला, पकडून आणलं. मीटरपासून जाड वायर ओढून घेतली, कोळसा नि मीठ टाकून अर्थिंग करून घेतलं आणि दाराशेजारी जाड पिनेचं सॉकेट बसवलं. वर पावसाला पत्र्याचं छप्परही ठोकलं.

"गाडी यायच्या आधीच गोठा बांधायलाव की, अण्णा!" श्रीशैल म्हणाला.

"मग? आल्यावर काय उघड्यावर बसवू?"

गाडी रविवारी आली. सून आणि नातू परीक्षेमुळं हैदराबादलाच राहिले होते. शेजारच्या जगदेवीअक्कानं ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली, रामलिंगनं बॉनेटवर भंडारा उधळला आणि नारळ फोडला. गावातली माणसं येऊन आत डोकावून गेली. रामलिंग दिवसभर गाडीभोवती फिरत होता. लग्नघरातसुद्धा तो कधी इतका मिरवला नव्हता.

उन्हं कलली. रवीनं घड्याळाकडं बघितलं. रामलिंग याच घटकेसाठी टपून बसला होता.

"लाव की वायर," तो म्हणाला. "रातभर लागती म्हणलास न्हवं?"

"नसली लावली तरी चालतं, अप्पा. बॅटरी संपली की पेट्रोलवर जाते ही. टाकी फुल हाय."

रामलिंगचा चेहरा उतरला. हे रवीनं फोनवरही सांगितलं होतं, नक्कीच सांगितलं होतं. पण रातभर म्हटल्यानंतरचं काही याच्या कानात शिरलंच नव्हतं. "बरं बरं," तो म्हणाला. "पेट्रोल हाय म्हणल्यावर काय."

रवीनं बापाकडं पाहिलं. मग भिंतीकडं. ओलसर सिमेंट, नवं सॉकेट, त्यावर हळदीकुंकवाची बोटं. तो डिकीतून वायर काढू लागला.

"लावतो," तो म्हणाला. "सकाळी जातो."

रामलिंगला काय करू नि काय नको असं झालं. जगदेवीअक्काकडून ज्वारीच्या भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी आली होतीच, तरी तो चटणी आणायला दुकानात पळाला. आतल्या खोलीत गादी झटकली, घडी न मोडलेली चादर घातली, पंखा चालतो का बघितला. जेवणं ओट्यावर झाली. पाणी प्यायला रामलिंग आत गेला आणि त्यानं हाक मारली, "ये रं, अंथरलंय."

रवी उठला नाही.

"मी गाडीत झोपतो, अप्पा. सीट आडवी होते."

तेव्हा कुठं रामलिंगच्या ध्यानात आलं. गेली दोन वर्षं पोरगा ओट्यावर बसायचा, ओट्यावर जेवायचा, किराण्याची पिशवी उंबऱ्यावर ठेवायचा. त्यानं घरात पाऊल टाकलेलं रामलिंगला एकदाही आठवेना. त्यानं आपली बाज उचलून आणली, गाडीला लागून टाकली आणि आडवा झाला.

गाव निजलं. बऱ्याच वेळानं गाडीची काच खाली आली.

"अप्पा, झोपलाव?"

"न्हाई."

"मला आत येणं होईना. आत पाय टाकला की आई इचारती. गाडी आली का रं रव्या. त्या रातभर तेच इचारत होती. अन् मी म्हणायलो, यायलीय आई, यायलीय. खोटं बोललो मी."

रामलिंग आभाळाकडं बघत पडून होता.

"मलाबी इचारती," तो म्हणाला.

रवी ताडकन उठून बसला.

"रोज इचारती. तू तिकडं जातोस, मी हितंच असतो. यायलीय यायलीय म्हणत पडतो. एकट्यानं किती जवाब देऊ रं मी? म्हणलं, एक रात गाडी दारात उभी असंल, तू जवळ असशील. दोघं मिळून सांगू."

रवी स्टिअरिंगवर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडला. रामलिंग उठला आणि खिडकीतून हात घालून त्याच्या पाठीवर फिरवत राहिला. स्वतःचे डोळे पुसायला दुसरा हात होता, पण तो त्यानं वापरला नाही.

थोड्या वेळानं रवी खाली उतरला. बापासाठी म्हणून उंबऱ्यापर्यंत गेला. चौकटीला धरून एक पाय आत ठेवला, आणि तसाच उभा राहिला. मग पाय मागं घेऊन तो परत आला.

"होईना, अप्पा. तुमीच चला माझ्यासंगं. आत्ताच चला."

"तिला एकटीला टाकून?"

रवी गाडीशेजारी उभा होता आणि त्याची नजर पुन्हा पुन्हा त्या उघड्या दाराकडं जात होती. रामलिंगनं ते बघितलं. ज्या रात्रीसाठी त्यानं एवढा खटाटोप केला होता, ती रात्र पोराला सोसवत नव्हती. तो भिंतीशी गेला आणि त्यानं स्वतःच्या हातानं पिन उपसली.

"जा बाबा. निम्मी भरली असंल. पेट्रोल हाय न्हवं?"

"हाय."

"मग जा. सावकाश जा."

रवी वाकला, बापाच्या पायांवर बराच वेळ डोकं ठेवून राहिला आणि गाडीत बसला. गाडी बॅटरीवर निघाली, ना इंजिनाचा आवाज, ना धूर. लाल दिवे वळणावर दिसेनासे झाले. ती वेस ओलांडून कधी गेली ते रामलिंगला कळलं नाही. पेट्रोलची असती तर कळलं असतं.

तो आत आला, कडी लावली आणि नव्या चादरीवर न बसता, अनसाबाईचं अंथरूण असायचं तिथं भिंतीला टेकून जमिनीवर बसला. आज तिच्या विचारण्याची त्यानं वाट पाहिली नाही.

"आलती गं," तो अंधारात म्हणाला. "गाडी आलती. चांगली मोठी हाय. आपल्या रवीची हाय."

मग तो कान देऊन बसला. कोंबडा आरवला, जगदेवीअक्काच्या अंगणात सडा पडल्याचा आवाज आला. अनसाबाईनं काही विचारलं नाही.