देवाजीचं विरजण

"लस बनवता येते ना तुले? मंग काहून बसून राहिला गा?" शकुनबाईनं भावाला, देवाजीला, विचारलं. तिची बैलजोडी अजून धडधाकट होती. पण गुरांची खुरकूत तळ्यापलीकडच्या गावात येऊन ठेपली होती आणि धानाची रोवणी तोंडावर होती.

देवाजीनं शहरातल्या एका लस कंपनीत अकरा वर्षं बाटल्या धुतल्या होत्या. बाकीचं मी वाढवलं. हा मडक्यातसुद्धा लस लावतो, साहेब याला विचारून चहा पितो, असं मीच दिघोरीभर सांगितलं होतं. म्हणून त्या सकाळी त्याच्या अंगणात बारा बाया मडकी घेऊन बसल्या होत्या.

"कृती पाहून पाहून पाठ झाली मले," देवाजी म्हणाला. "पण दह्याले विरजण लागते ना बाई. लसीचं विरजण कंपनीच्या कपाटात हाय."

मग कंपनीला अर्ज केला: थोडं विरजण द्या, नाहीतर निदान दोन बैलांपुरती लस द्या. अर्ज मी लिहिला. वजन पडावं म्हणून 'कृती पूर्ण अवगत आहे' ही ओळ पदरची घातली.

आठव्या दिवशी कंपनीची जीप आली. आयुष्यात पहिल्यांदाच माझी एक थाप खरी होते की काय, असं वाटलं.

साहेबानं माझी ओळ मोठ्यानं वाचली. देवाजीनं माझ्याकडे पाहिलं. मग साहेबानं देवाजीनं नोकरीला लागताना सही केलेला जुना कागद काढला.

"लस कोणीही बनवावी. कृती मात्र आमच्या मालकीची आहे. कोणाला सांगितलीस तर कोर्टात उभा करू."

"म्हंजे भात रांधा, पण चुलीवर नोको," शेजारचा टिकाराम पुटपुटला.

"आन् लस?" शकुनबाईनं विचारलं.

"ती बर्फातून आणावी लागते, बाई. इतक्या लांब टिकत नाही."

ड्रायव्हरनं जीपमधली पेटी उघडली. आत बर्फ होता. बर्फात सोड्याच्या बाटल्या. साहेबानं दोन बाटल्या संपवल्या आणि रिकाम्या बाटल्या ओट्यावर ठेवून गेला. मी जन्मभर थापा मारल्या. ही पेटी मात्र माझी थाप नव्हे.

आठवड्याभरात शकुनबाईच्या ढवळ्या बैलाची लाळ गळू लागली, खुरं फाटली. दुसराही बसला. तिच्या धानाच्या बांधीत त्या साली चिखलणी झाली नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा देवाजी साहेबाच्या बाटल्या धूत होता. सात पाण्यांनी. शकुनबाई शेजारी बसून पाहत होती.

"हे धुणं त्या कागदात नाही," तो तिला म्हणाला. "हे कोणालेबी शिकवता येते."

त्यानं बाटल्या उलट्या घातल्या आणि वर स्वच्छ फडकं झाकलं. गोठ्यात ढवळ्या उठायला बघत होता.