वरच्या खोलीची जमीन

दिवाळीच्या साफसफाईत माधवीताईंनी वरच्या खोलीतलं कपाट सरकवलं आणि त्याचा पाय खचकन जमिनीत रुतला. जुन्या निजामी राजधानीतल्या हिमायतनगरचं ते घर त्यांच्या वकील आजोबांनी बांधलेलं. वरच्या खोलीला तेव्हापासून सागवानी फळ्यांची जमीन होती. आता फळ्यांखाली वाळवीने नुसता भुसा करून ठेवला होता.

पुण्याचा भाचा अमेय फोनवर म्हणाला, "आत्या, लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स टाक. दोन दिवसांत मोकळी होशील."

"मोकळीच आहे रे मी," त्या म्हणाल्या. "जमीन लाकडाचीच करीन. फक्त माझ्यापायी नवं झाड पडायला नको."

गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई त्या. चौकशी अगदी रीतसर सुरू केली. पहिला व्यापारी बर्मा सागवानाचे तुकडे घेऊन आला. "हे कुठल्या जंगलातलं? तोडल्याचा दाखला आहे?" असं विचारल्यावर तो गडबडला. तरी त्यांनी त्याला चहा पाजूनच सोडलं.

मग बांबूच्या फळ्या विकणाऱ्या कंपनीची स्वप्ना आली. तारनाक्याची पोर, मूळ घराणं नांदेडकडचं.

"मॅडम, तुमी मराठी? घरात बोलतो आमी, पण मला वाचायला नाय येत," ती हसत म्हणाली. बांबू पाच वर्षांत कसा पुन्हा वाढतो, ते तिने तासभर सांगितलं. ताईंनी तिच्यासाठी ठेवणीतले कप काढले.

त्यांनी तिला पुन्हा बोलावलं. सकाळच्या उजेडात रंग बघायचाय म्हणून. मग संध्याकाळच्या उजेडात. तिसऱ्या खेपेला स्वप्नाने तुकडा जमिनीवर ठेवला आणि हळूच म्हणाली, "मॅडम, सँपल तर तेच आहे."

घरात कुणी जिना चढून यावं म्हणून आपण हे लांबवतोय, हे ताईंना त्या क्षणी लख्ख कळलं, आणि कान तापले.

स्वप्नाच पुढे म्हणाली, "माझं नुकसान आहे, पण खरं सांगू? अर्ध्या फळ्या तुमच्या अजून चांगल्या आहेत. त्या ठेवा. बाकीच्या जागी जुन्या बिल्डिंगमधून निघालेलं सागवान लावा. यादगिरी म्हणून सुतार आहेत, त्यांचा नंबर देते."

स्वप्ना गेली ती गेलीच. यादगिरी मात्र नऊ दिवस आला. आबिड्सला पाडलेल्या एका इमारतीच्या तुळया त्याने चिरून आणल्या होत्या. वरून रंध्याचा आवाज येई आणि ताई खाली निवांत पेपर वाचत. दुपारी तो डबा खाताना मुलीच्या लग्नाचं सांगे. त्या ऐकत.

शेवटच्या दिवशी त्याने विचारलं, "पॉलिश करूं या तेल, अम्मा? पॉलिश दस साल देखने की जरूरत नै. तेल का काम हर साल करना पडता."

"तेल," ताई लगेच म्हणाल्या.

"अच्छा करे. हौर इस के वास्ते किसी कू बुलाना नक्को. मैं सिखा देतूं, आप खुदइच कर लेते."

तो गुडघ्यांवर बसला. फडकं कसं धरायचं, लाकडाच्या रेघांच्या दिशेने हात कसा फिरवायचा, हे त्याने मनापासून दाखवलं. ताई शेजारी बसून शिकल्या. चांगल्या शिकल्या, त्याने दोनदा "वाह अम्मा" म्हटलं. मग हत्यारं पिशवीत भरली, उरलेला तेलाचा डबा कोपऱ्यात ठेवला आणि निघून गेला.

दोन दिवसांनी तेल मुरलं. ताईंनी फोटो काढून स्वप्नाला पाठवला. लगेच उत्तरादाखल एक अंगठा आला. आणखी काही येतं का, म्हणून त्या थोडा वेळ फोनकडे बघत राहिल्या. मग अनवाणी पायांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेल्या, परत आल्या. फळी कुठेही हलली नाही, वाजली नाही. यादगिरीने काम पक्कं केलं होतं.