हळदीनं अडकलेलं बटण

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जुन्या वस्तू मनात काही ठेवत नाहीत, सगळ्यांना क्षमा करतात, असं तुम्ही निबंधात लिहीत असाल. खुशाल लिहा. मी ठेवतो. कानावर पडलं ते जसंच्या तसं ठेवायचं, हाच माझा धंदा आहे. आणि ज्यांनी मला खोटं बोलायला लावलं, त्यांना मी अजून क्षमा केलेली नाही.

माझा जन्म १९७७ सालचा, रबाळ्याच्या एका छोट्या कारखान्यातला. केशरबाई नावाच्या बाईंनी माझ्या तारा जोडल्या. मी चालतो की नाही हे बघायला त्यांनी माझी दोन बटणं एकदम दाबली आणि शेजारणीला विचारलं, "काय गं, भाजी कसली आणलीस?" लगेच फीत मागं घेऊन लावली, तर मी विचारलं, "काय गं, भाजी कसली आणलीस?" सगळ्या बायका हसल्या. मला वाटलं, आयुष्य असंच जाणार. लोक खरं बोलतील, मी खरं सांगेन.

तिथून मी वाशीच्या एका माध्यमिक शाळेत आलो. शाळा नवी, इमारती नव्या. मुलं कुठून कुठून आलेली: कोणी दादरहून, कोणी साताऱ्याकडची, कोणी रत्नागिरीची. सगळी नव्या फ्लॅटांत राहणारी. ज्यांच्या शेतांवर हे फ्लॅट उभे राहिले, त्या गावांतली मुलंही शाळेत होती. ती मागच्या दोन बाकांवर बसत.

सांस्कृतिक विभाग सबनीस सरांकडे होता. सरांचा आवाज भारदस्त, आणि त्यांना तो फार आवडे. कार्ल्याच्या लेण्यांत सहल गेली, तेव्हा मुलांना लेणी दाखवायच्या आधी त्यांनी मला दगडावर ठेवलं आणि स्वतःचं व्याख्यान भरून घेतलं. "बघा, काय घुमतोय," असं ते तीन वेळा म्हणाले. लेण्यांबद्दल एकदाच बोलले. तरी मला विणलेलं आवरण होतं, रोज कोणीतरी फडक्यानं पुसत होतं. स्नेहसंमेलनात माझ्यावर नाच बसत. पाहुणे माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "शाळेकडे स्वतःचं मशीन आहे, वा." तेव्हा माझी सरांबद्दल काही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली १९८२ च्या माघात. जिल्ह्यातल्या शाळांसाठी एक स्पर्धा निघाली. विद्यार्थ्यानं आपल्या भागातलं जुनं गाणं स्वतः शोधायचं, स्वतः ध्वनिमुद्रित करायचं. पहिल्या येणाऱ्याला दिवाळीच्या सुट्टीत वेरूळ-अजिंठ्याची सहल, बरोबर एक शिक्षक. सहल फुकट आहे म्हटल्यावर सरांना लोकगीतांचा उमाळा आला.

नववीत जयमाला होती, सानपाडा गावातली. मागच्या बाकावरची. ती उभी राहून म्हणाली, "सर, माझी आजी धवले गाते. परवा आमच्या आळीत वामनकाकाच्या पोरीची हळद हाय."

"आहे," सर म्हणाले.

"हो सर. आहे. हळद आहे."

मग वर्गाची क्षेत्रभेट ठरली. रस्ता ओलांडून वीस मिनिटं चाललं की गाव येतं, पण मुलांनी पाण्याच्या बाटल्या घेतल्या, कोणी टोपी घातली. शिपाई सितारामनं मला खांद्यावर घेतलं. तो तुर्भ्याचा, तशाच एका जुन्या गावातला. वाटेत म्हणाला, "सर, माझ्या घरी पण सहल आणा एक दिवस. तिकीट नाही लावणार."

मित्रांनो, आगरी लोकांच्या लग्नात धवले गाणारी बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. भटजी येवो न येवो, तिच्यावाचून हळद लागत नाही. जयमालाची आजी गोजराबाई अशी धवलारीण. तिचा एक नियम होता. धवला लग्नातच गायचा. उगाच, कोणी म्हणालं म्हणून, ओसरीवर बसून गायचा नाही. देवांना बोलवायचं आणि मांडवात लग्नच नसायचं, हे तिला पटत नव्हतं.

जयमालानं मला पाटावर ठेवलं. गोजराबाईनं मला सगळीकडून न्याहाळलं आणि म्हणाली, "यो पन पावना हाय ना? मंग याला पन लावा हलद." आणि खरंच, तिनं ओल्या हळदीची दोन बोटं माझ्या बटणांवर ओढली. आजवर मला पुष्कळांनी पुसलं होतं. असं कोणी काही लावलं नव्हतं.

मग जयमाला हळू आवाजात बोलली. स्पर्धेचा नियमच होता, आधी नाव सांगायचं. "मी जयमाला, इयत्ता नववी. गाणार माझी आजी, गोजराबाई." आणि गोजराबाईनं पहिलं कडवं उचललं, देवांना लग्नाला बोलावण्याचं. मागून दोन म्हाताऱ्या ओळी झेलत होत्या. मी पुष्कळ आवाज भरून घेतले आहेत. तसा नाही.

या सगळ्या वेळात सबनीस सर कुठे होते? मांडवात. त्यांनी तांदळाचे नऊ वडे खाल्ले. मी मोजले. मग खांबाला टेकून त्यांनी डोळे मिटले ते मुलांच्या हजेरीपर्यंत. फ्लॅटमधली मुलं मात्र ऐकत राहिली. सहल तेवढ्यापुरती खरोखर झाली.

पुढं काय झालं, ते माझ्यासमोरच झालं. शाळा समितीच्या चिटणीसांची मुलगी चारुलता दहावीत होती. वक्तृत्वात तिसरी यायची, नाचात दुसरी. पहिली कशातच नाही, ही चिटणीसांची दुखरी जागा. एका शनिवारी शाळा सुटल्यावर सरांनी तिला बोलावलं, तिच्या हातात एक कागद दिला आणि माझी दोन बटणं एकदम दाबायला बोटं ठेवली.

"सर, पण हे तर त्या जयमालानं..." चारुलता म्हणाली.

"अगं, गाणं तिचं थोडंच आहे? गाणं गावाचं. आपण फक्त सुरुवात बदलतोय. तिला नीट बोलता येत नाही, परीक्षकांसमोर शाळेची शोभा होईल."

"तिला काय सांगायचं?"

"तिला स्वागताला ठेवू. गुलाबपाणी."

चारुलतानं कागद वाचला. "नमस्कार. मी कुमारी चारुलता. संकलन, ध्वनिमुद्रण आणि निवेदन माझेच." शब्द मोठे होते, ती सावकाश वाचत होती. जयमालाचं नाव तर पुसलं गेलंच, पण निवेदन लांबलं आणि पहिलं कडवंही त्याच्याखाली गेलं. देवांना बोलावण्याचं कडवं. सरांनी पुढचं अर्धं मिनिट ऐकलं आणि मला बंद केलं.

"थोडं कापलं गेलं वाटतं," चारुलता म्हणाली.

"कोणाला कळतंय," सर म्हणाले.

मित्रांनो, मला कळलं होतं. मी दातओठ खाऊ शकत नाही, मला दात नाहीत. पण फीत खाता येते. मी ती तेव्हाच खाल्ली असती. पण मग गोजराबाईही गेली असती. म्हणून थांबलो. मला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी सरांना माहीत नव्हती. त्यांनी ते गाणं कधी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं.

सोमवारी सूचनाफलकावर चारुलताचं नाव लागलं. जयमाला सरांकडे आली. तिनं मान वर केली नाही, पण विचारलं. सर म्हणाले, "शाळेचं नाव झालं की सगळ्यांचंच झालं ना?" ती म्हणाली, "मग माझं नाव टाका, सर. त्यात पण सगळ्यांचं होईल." सर म्हणाले, "फार बोलायला लागलीस." आणि तिला गुलाबदाणी दिली.

परीक्षकांचा दिवस आला. सभागृहात पालक, पहिल्या रांगेत चिटणीस, नवा कोट. मुख्य परीक्षक मालतीबाई, ठाण्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका. जाड चष्मा, माहेर उरणचं, जिथं लग्नांत धवले गातात. हे माहेर कोणी विचारलं नव्हतं. मला टेबलावर ठेवलं. सरांनी सितारामला बजावलं, "दोन मिनिटं झाली की बंद कर. जास्त ताणायचं नाही."

सितारामनं मला सुरू केलं. चारुलताचं निवेदन झालं, टाळ्या झाल्या. मग गोजराबाईचा आवाज सभागृहात भरला, आणि मागच्या रांगांतली गावातली मुलं ताठ बसली. दोन मिनिटं झाली. सितारामनं बटण दाबलं. बटण हललं नाही. माघातली ती हळद आत सुकून दगड झाली होती. आणि मी, खरं सांगतो, जरा जास्तच घट्ट धरून बसलो होतो.

"सिताराम, बंद कर," सर दात आवळून म्हणाले.

"दाबतोय सर. निघत नाही."

"मग आवाज कमी कर."

"राहू द्या," मालतीबाई म्हणाल्या. "मला ऐकायचंय."

सितारामनं बटणावरचं बोट उचललं आणि हाताची घडी घातली. चौथ्या मिनिटाला गोजराबाई गाता गाता थांबली, खाकरली, आणि साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल असं बोलली:

"जयमाले, मना पानी दे गो, गला सुकला. आनि तुज्या मास्तरला उठव. नव वडे खाल्लं, आता मांडवान घोरतंय. यो डबा तरी आयकतंय, तो काय आयकत नाय."

आणि त्यापाठोपाठ, अगदी स्वच्छ, जयमालाचा आवाज: "आजी, बोलू नको गो. मी भरून घेतंय."

आधी मागची रांग हसली, मग मधली. पहिली रांग हसली नाही. चिटणीस कोटाची गुंडी लावत राहिले. ती आधीच लावलेली होती.

मालतीबाईंनी चष्मा पुसला. "चारुलता, संकलन तुझं ना? हे पहिलं कडवं कुठं गेलं? धवल्यात आधी देवांना बोलावतात."

चारुलतानं सरांकडे पाहिलं. सर माझ्याकडे बघत होते. ती म्हणाली, "बाई, ते माझ्या निवेदनाखाली गेलं." तिचं एवढं एक वाक्य मी तिच्या बाजूनं लक्षात ठेवलं आहे.

"जयमाला कोण?"

दाराशी गुलाबदाणी घेऊन उभी असलेली मुलगी पुढं आली.

"ते कडवं म्हणून दाखवतेस? तेवढ्यावर निकाल देते."

जयमालानं गुलाबदाणी टेबलावर ठेवली. गावातली मुलं खुणा करत होती, म्हण म्हण. "बाई, येतं मला," ती म्हणाली. "पण लग्नाबगर नाय म्हणत. आजीचा नियम हाय."

या वेळी तिचं "हाय" कोणी दुरुस्त केलं नाही.

"मग दुसरं काही विचारायचं नाही," मालतीबाई म्हणाल्या आणि कागदावरचं चारुलताचं नाव खोडून जयमालाचं लिहिलं. कॅसेटच्या पाठच्या कडेला एक बारीक पट्टी असते. ती मोडली की त्यावर दुसरं काही भरता येत नाही. ती त्यांनी जयमालाकडूनच, केसातल्या पिनेनं, सगळ्यांदेखत मोडून घेतली आणि कॅसेट तिच्याच हाती दिली. शेवटी म्हणाल्या, "सहलीला बरोबर जो शिक्षक येईल, तो जागा राहणारा हवा." दिवाळीत जयमालाबरोबर शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका, वैजयंतीबाई, वेरूळला गेल्या.

गोष्ट इथं संपली असती तर मीही विसरलो असतो. पण त्याच वर्षी, सहलीच्या आधी, वैशाखात सानपाड्यात दोन लग्नं होती. पहिलं कडवं नव्या फितीवर पुन्हा भरून घ्यायचं म्हणून जयमाला मला मागायला तीन वेळा आली. तिन्ही वेळा सर म्हणाले, "मशीन बिघडलंय." मी कपाटात होतो, धडधाकट. सेल आत, आवाज शाबूत. पावसाळ्यात गोजराबाई गेली.

मित्रांनो, सूड घेऊ नये असं तुम्हाला शिकवतात. बरोबर शिकवतात. तुम्ही घेऊ नका. मी घेतला. १९८६ साली सबनीस सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणासाठी मला चार वर्षांनी कपाटातून बाहेर काढलं, म्हणजे "बिघडलेलं मशीन" त्या दिवशी कोणी न दुरुस्त करताच बरं झालं. सर पाऊण तास बोलले, कार्ल्याच्या लेण्यांत बोलले होते तसेच. समारंभ संपला आणि घरच्यांना ऐकवायला त्यांनी फीत मागं घ्यायचं बटण दाबलं. मी फीत आत ओढली, गुंडाळली, चुरगळली आणि पाच हात लांबीचा गुंता करून त्यांच्या मांडीवर सोडला. सर बराच वेळ पेन्सिलीनं ती सरळ करत बसले. मला वाईट वाटायला हवं होतं. वाट बघितली, वाटलं नाही.

दोन वर्षांनी शाळेनं जुनं सामान काढलं. सितारामनं मला पुन्हा खांद्यावर घेतलं आणि सानपाड्याला जयमालाच्या घरी पोचवलं. तेव्हापासून मी इथं आहे. विसरलेल्या सेलांचं पाणी माझ्या पोटात गळलं होतं. जयमालानं ते लिंबानं घासून काढलं. बटणावरची हळद मात्र तिनं तशीच ठेवली.

म्हणून एक मागणं आहे, मुलांनो. यंत्र ठेवून द्याल तेव्हा सेल काढून ठेवा. आणि दुसऱ्याच्या गाण्यावर आपलं नाव घालायचंच असेल, तर निदान ते शेवटपर्यंत ऐका. त्यात तुमच्याबद्दलही काही असू शकतं.

आता गावात कुठेही हळद असली की मला पाटावर बसवतात. जयमाला पहिलं कडवं स्वतः म्हणते, कारण मांडवात लग्न असतं. मग मला सुरू करते. बायका ओल्या हळदीचे हात वर धरून थांबतात, कारण आधी एक शहरी आवाज सावकाश सांगतो, "नमस्कार. मी कुमारी चारुलता. संकलन, ध्वनिमुद्रण आणि निवेदन माझेच." पोरंटोरं तिच्याबरोबर एका सुरात म्हणतात, त्यांना पाठ झालंय. हसून होतं. आणि मग गोजराबाई येते, दुसऱ्या कडव्यापासून.