अनफिनची खूण

अनफिन स्कोर्पा बेटाचा आणि मी समोरच्या लांगोयचा. मध्ये अर्धा मैल पाणी आणि तीन पिढ्यांचं भांडण. भांडण कशावरून? कॉड माशावरून, दुसरं काय असणार! त्यांच्या होड्या भरून यायच्या आणि आमच्या रिकाम्या. मासा नेमका कुठे लागतो त्याची खूण अनफिनच्या घराण्यात बाप मुलाला कानात सांगायचा, तीही मरायला टेकल्यावर.

लढाईत जर्मनांनी आमचा देश घेतला होता; त्या मार्चमध्ये आम्ही दोघं इंग्रजांच्या शेटलंड बेटांवरून एकाच लाँचवर छुप्या कामगिरीला आलो होतो. तो वाटाड्या, मी सुकाणूवर. लाँच लाकडाची, पोटात पेट्रोल. एक गोळी लागली की आटोपलंच. जाळी पांघरून आमच्याच गावच्या खडकांत दडलो होतो. धुकं विरलं आणि दोन बेटांमधल्या पाण्याच्या दक्षिण तोंडाशी जर्मन गस्ती बोट दिसली. एकेक खाडी धुंडाळत ती आमच्याकडेच येत होती.

"उत्तरेकडून वाट आहे का?" कप्तान मोन्सेननी विचारलं. बिचारे बर्गन शहरातले, मासा त्यांना ताटातच भेटलेला.

"आहे. आमच्या खुणेवरून जाते," अनफिन म्हणाला. "पण आधी ह्या लॉरिट्सला सुकाणूवरून उतरवा."

"का?"

"लांगोयचा आहे तो."

"अरे, डोकं फिरलंय का तुझं? वीस माणसं मरतील!"

"बापानं शपथ घातलीय हो, साहेब." त्याचा आवाज रडवेला झाला होता.

बोट जवळ येत होती, आणि तरी मेलं हसू आवरेना. शेवटी तो कप्तानांच्या कानाला लागला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि खाली इंजिनापाशीही ऐकू जाईल असे ओरडले, "लॉरिट्स! मागे बघ! चर्चची पांढरी भिंत फुटक्या कड्याच्या बरोब्बर वर धर!"

अनफिननं डोळे मिटून घेतले. मी मान वळवून भिंत आणि कडा एका रेघेत धरले. दोन्ही बाजूंचे खडक हात लावता येईल इतक्या जवळून गेले, आणि आम्ही उघड्या समुद्रात आलो.

पंधरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मग मीच डिवचलं, "लढाई संपली की पहिली मोठी होडी घेणार बघ."

"घे की. ती एकच रेघ आहे. मासा दोन रेघा जुळतात तिथे लागतो."

"मग दुसरी सांग ना!"

"घरी गेल्यावर. तोवर मरू नकोस म्हणजे झालं."

त्यानंतर प्रत्येक फेरीला मीच त्याला दटावायचो, "जपून रे बाबा, दुसरी रेघ तुझ्याकडे आहे."

लढाई संपली, देशाची सुटका झाली, आम्ही घरी आलो. चार वर्षं वाट बघून त्याची बायको गुनवर धक्क्यावर उभी होती. हा गृहस्थ तिला मिठी मारतो, "आलोच गं अर्ध्या तासात!" म्हणतो आणि मला होडीत ढकलतो! गुनवरनं मागून जे सुनावलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

रेघेवर जाऊन वल्ही थांबवली. मैलभर चिटपाखरू नव्हतं. तरी अनफिन वाकला आणि दुसरी खूण त्यानं माझ्या कानातच सांगितली.