मुखरूभाऊंच्या जीपचं गळणं

मुखरूभाऊंची सवारी जीप काल कुठे उभी होती, हे मुलचेऱ्यात कुणाला विचारावं लागत नसे. जिथे उभी राहील तिथे जमिनीवर काळा डाग ठरलेला. बंगाली वस्तीतले मासेवाले तर आधी खाली बघत आणि मग गाडीत पाय टाकत. दोन वर्षं हे इंजिन ऑइल गळत होतं आणि दोन वर्षं भाऊ मिस्त्री बदलत होते. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग नवं टाकलं, तर तेल खालच्या चेंबरमधून आलं. चेंबरचं टाकलं, तर मागच्या सीलमधून. शेवटी भाऊंनी हात टेकले आणि चंद्रपूरच्या दिनेश भंगारवाल्याला निरोप धाडला. तो आज चार वाजता येणार होता.

इथे पेटली ती भाऊंची मुलगी दिव्यानी. आयटीआयतून मोटर मेकॅनिक होऊन आलेली, आणि मुलचेरा ते आष्टी ही जीप आपणच चालवायची हे शाळेत असल्यापासून मनाशी धरून बसलेली. सकाळी सकाळीच तिने बापाची वाट अडवली.

"बाबा, मले चार वाजेपर्यंत द्या."

"मोठेमोठे मिस्त्री थकले, तू का करशीन?"

"नाई जमलं तं मीच धक्का मारून दिनेशभाऊच्या ट्रकात चढवून देतो. पण तेल थांबलं तं?"

भाऊ हसले. "थांबलं तं किल्ली तुही. मंग मी हात नाई लावत."

एवढं ऐकायचा अवकाश, दिव्यानीने ओढणी कमरेला खोचली. डिझेलने इंजिन धुतलं, फडक्याने कोरडं ठणठणीत केलं आणि घरात जाऊन आईचा पावडरचा डबा उचलून आणला. अर्धा डबा इंजिनावर उधळला तेव्हा आई, शकुबाई, धावतच बाहेर आली.

"अव, इंजिनाले काऊन पावडर लावते? लग्नाले नेऊन राह्यली का त्याले?"

"तेल जिथून निघते तिथी पावडर ओली होते, माय. चोर सापडते!"

गाडी सुरू केली आणि टॉर्च घेऊन ती बॉनेटमध्ये डोकं खुपसून बसली. दहा मिनिटांत चोर सापडला. एक नाही, तीन! झाकणापाशी, चेंबरपाशी आणि सीलपाशी, तिन्ही ठिकाणी पावडर ओली झाली. तिन्ही पॅकिंगं नवी, आणि तिन्ही खराब? दिव्यानीने घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता.

इंजिन बंद करायला ती वळली आणि थबकली. तेल मोजायची पट्टी आपल्या जागेवरून दोन बोटं वर आली होती. सकाळी तिने स्वतःच्या हाताने ती गच्च दाबली होती. तिने पुन्हा दाबली. पट्टी पुन्हा वर आली! आतून कुणीतरी ढकलत होतं. तिने तेल भरायचं बूच ढिलं केलं, तशी फस्सकन गरम हवा तोंडावर आली. झटपट सगळं पुसलं, उरलेली पावडर टाकली आणि बूच ढिलंच ठेवून इंजिन चालवलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. पावडर कोरडी! दिव्यानीने अशी आरोळी ठोकली की अंगणातल्या कोंबड्या कुंपणापार गेल्या.

"माय व! पॅकिंग सारे चांगले हायेत! चुलीवरच्या गंजावर झाकण दाबून धरलं तं पेज भेटेल तिथून उतू जाते ना? तसंच होऊन राह्यलं. इंजिनाची हवा कोंडली हाये!"

आतली हवा बाहेर सोडणारी एक नळी प्रत्येक इंजिनाला असते. दिव्यानी गाडीखाली सरपटली आणि ती नळी चाचपत टोकापर्यंत गेली. टोकाला तारेने करकचून बांधलेलं फडकं होतं, तेल आणि लाल धूळ पिऊन दगडासारखं झालेलं. तार तोडून तिने ते ओढून काढलं, पुसलं, आणि तिचं हसू ओठांवरच राहिलं. हिरव्या काठाचा तो तुकडा बापाच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचा होता.

सूरजागडच्या खाणीतून लोहखनिजाचे ट्रक लाल धूळ उडवत या रस्त्याने धावायला लागले, तेव्हापासून इथे जो तो सगळ्याला फडकं बांधतो. नाकाला बांधतो, पाण्याच्या माठाला बांधतो. भाऊंनी मायेने गाडीलाही बांधलं होतं. मिस्त्री मात्र तेल दिसलं तिथलं पॅकिंग बदलत राहिले.

तेवढ्यात, चार वाजायच्या आधीच, दिनेशचा ट्रक आला. मागोमाग भाऊ, आणि भाऊंच्या मागे स्टँडवरचे चारदोन रिकामे लोक. दिव्यानीने फडकं मुठीत कोंबून हात मागे घेतला. हे कळलं तर बाप जन्मभर स्टँडवर हसण्याचा विषय होईल, एवढंच तिच्या डोक्यात आलं. बूच घट्ट लावून तिने गाडी सुरू केली आणि खाली वर्तमानपत्र पसरलं.

अर्धा तास कुणी जागचं हललं नाही. मग दिनेशने वाकून कागद ओढला, उलटापालटा केला.

"भाऊ, सुका हाये! का केलं व पोरी?"

"काई नाई. एका नळीत कचरा बसला होता."

भाऊंचं लक्ष कागदाकडे नव्हतंच. पोरीच्या मुठीतून हिरवा काठ डोकावत होता. त्यांनी तिचा हात पुढे ओढला, एकेक बोट उघडलं आणि ते फडकं सगळ्यांसमोर वर धरलं.

"कचरा कायचा? माहा दुपट्टा हाये हा! धूळ जाऊ नये मनून मीच बांधलो. दोन साल गाडीचं नाक दाबून ठेवलो आन मिस्त्र्याईले शिव्या देत फिरलो!"

लोक खो खो हसले. सगळ्यात मोठ्याने भाऊच हसत होते. दिव्यानीला मात्र बापाकडे बघवेना.

"दिनेश, तू जा गा. गाडी विकाची नाई," भाऊ म्हणाले. मग ते जीपला पुढून वळसा घालून डाव्या बाजूला गेले, सवारीच्या सीटवर चढून बसले आणि बाहेर डोकं काढून ओरडले, "चाल ना, डायवर! आष्टीच्या सवाऱ्या वाट पाहून राह्यल्या!"