डांबरीचा पहिला नंबर

ही गोष्ट तुम्ही मानणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. शेजारच्या वामनरावाला ओसरीवर बसवून सांगायला लागलो, तर त्यानं तंबाखू मळता मळता हात थांबवला.

"महादेवराव, मागच्या खेपेले तुमच्या वरूडच्या बागेतल्या एका संत्र्यानं ट्रॅक्टर पंक्चर केला होता. आज काय?"

"टायर जुना होता," मी म्हणालो. "आज खरं सांगतो. आमच्या डांबरीनं अकोल्याच्या डॉग शोत पहिला नंबर मारला."

डांबरी आमची गावठी कुत्री. नावासारखीच काळी, कान उभे, शेपटी विळ्यासारखी वळलेली. नऊ वर्षं बाग राखून राहिली. तिच्या खानदानाची जोडी कोणी जुळवली नाही, कागद कोणी केला नाही. ऊन, पाऊस नि भूक यांनीच पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढलेली जात.

पण माझ्या पोराचा, गोपालचा, जीव एका विलायती पिल्लावर बसला. "बाबा, दोन कुत्रे मी नाही पोसत. हिले आतेभावाकडं मेळघाटात सेमाडोहले धाडून देऊ."

"अबे, तिथं बिबट्या नाश्ता करीन तिचा!"

त्याच आठवड्यात सूनबाईनं, दामिनीनं, मोबाइलवर जाहिरात दाखवली. अकोल्याला डॉग शो, अन् यंदा गावठी कुत्र्यांचा वेगळा गट. गोपाल हसला. "चाला मंग. नंबर आला तं राहीन. नाही आला तं सेमाडोह."

आता माझी अडचण ऐका. चार वर्षांमागं पहाटे मी बागेच्या धुऱ्यावर झोपलो होतो, तेव्हा रानडुक्कर अंगावर आलं. डांबरी आमच्या दोघांच्या मधात पडली. तिची कूस वीतभर फाटली, मी वाचलो. हे गोपालनं कधीच मानलं नाही. म्हणे, "कुंपणाच्या तारेत अडकली असन." त्याची तरी काय चूक? त्याच आठवड्यात मी एका डुकराला संत्रं सोलून देऊन वाटेला लावल्याचंही सांगितलं होतं.

तर शोच्या दिवशी मी विचार केला, पोरगी दाखवताना कोणी डाग दाखवते काय? माझ्या मिशीचा कलप घेतला आणि डांबरीच्या कुशीवरचा व्रण झाकून टाकला.

रिंगणात सात कुत्रे. परीक्षक पौर्णिमा मॅडम, जनावरांच्या निवृत्त डॉक्टर. मी पट्टा ओढत होतो, तर म्हणाल्या, "काका, सैल सोडा. तिला तिच्या चालीनं चालू द्या." मग डांबरी अशी चालली की लाउडस्पीकर आपोआप बंद पडला. आणि उभी राहिली तर अशी, की एक कावळा पुतळा समजून तिच्या पाठीवर बसला नि सुखदुःखाच्या गोष्टी करून गेला.

"गोष्टी?" वामनरावानं विचारलं.

"बरं, नुसता बसला."

मॅडमनी दात पाहिले, पंजे पाहिले, पाठीवरून हात फिरवत कुशीवर आल्या. बोटं काळी झाली. त्यांनी आधी बोटांकडं पाहिलं, मग माझ्या मिशीकडं.

"काका, दोघांचा कलप एकच दिसतो."

लोक खदाखदा हसले. दोरीपलीकडं गोपालनं कपाळावर हात मारला. माझ्या डोळ्यांपुढं सेमाडोहची एस्टी उभी राहिली.

मॅडमनी रुमाल ओला करून कलप पुसला. व्रणावर अंगठा ठेवला आणि खालून वर हळूहळू नेला.

"हे का झाकलंत? ही जात माणसानं घडवलेली नाही. जगताना अंगावर जे आलं, त्याचे गुण मी कापत नाही." मग थांबून म्हणाल्या, "मेळघाटात पंचवीस वर्षं जनावरं शिवली आहेत मी. हा रानडुकराचा सुळा आहे, खालून वर उचकटलेला. आणि वार पुढून आहे. ही पळत नव्हती, सामोरी गेली होती. कोणासाठी?"

वामनराव, मी नुसतं आपल्या छातीवर बोट ठेवलं.

गोपाल दोरीखालून आत आला. इस्त्रीच्या पॅंटनिशी धुळीत बसला, अन् त्या व्रणावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, तुमी खरं सांगत होते?"

"एक डाव," मी म्हणालो. "तेवढाच एक डाव."

वामनरावानं दुपट्ट्यानं डोळे पुसले. जिनं जीव वाचवला तिचे उपकार तर फिटत नाहीतच. पण त्या मॅडमचे किती मानावे? माझ्या सख्ख्या पोराला जे चार वर्षं सांगून पटलं नाही, ते तिनं एका अंगठ्यानं वाचून दाखवलं.

"मंग?" वामनरावानं विचारलं.

"मंग काय! मॅडमनं सगळ्यांदेखत डांबरीच्या गळ्यात पहिल्या नंबरची फीत बांधली. सहाही मालकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. गोपालले शब्द पाळाच लागला."

तेवढ्यात दामिनी चहा घेऊन आली आणि कपबशा ठेवता ठेवता फणकारली.

"मामाजी, खोटं! कलप लावला म्हनून तुमाले दोघाइले रिंगणाच्या भायेर काढलं. नंबर गेला मूर्तिजापूरच्या कुत्र्याले. अन् शब्द कायचा पाळला? तुमच्या पोरानं, यायनं, सोताच मोडला! रस्त्यातच फोन करून पिल्लू नको म्हनून सांगतलं. अकोल्यापासून वरूडपरेंत गाडी मले चालवा लागली, काहून का यायच्या मांडीवर डांबरी झोपली होती!"