घळीतलं फळ

जेसीबी घळीच्या तोंडाशी आला आणि झेम्फिरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. खारकिवकडचं घर तोफगोळ्यांनी जमीनदोस्त झाल्यापासून ती या गावच्या शाळेत आसऱ्याला होती. गादी गावाची, सूप गावाचं, अंगातला कोटसुद्धा गावातल्याच कुणाचा तरी. अशा बाईनं गावाशी वाकड्यात शिरू नये, हे तिला चांगलं कळत होतं. पण तिची माणसं याच गावच्या जमिनीखाली होती.

"बाजूला हो गं बाई," सरपंच हालिना वैतागली. "आज खंदक झाले नाहीत तर आपली पोरं काय उघड्यावर लढणार?"

"खणा की. वरच्या उतारावर खणा. इथं माझी आजी आहे, मामा आहेत. जर्मनांनी आमचा अख्खा तांडा या नासपतीच्या झाडांखाली गोळ्या घालून मारला. आई पलीकडच्या गावात पीठ मागायला गेली होती म्हणून वाचली."

वरच्या उतारावर ओमेल्यानची सफरचंदाची बाग होती. म्हातारा काठी टेकत पुढे आला. जर्मनांच्या त्या लढाईच्या वेळचं गावात आता तेवढंच माणूस उरलं होतं, त्यामुळे तो म्हणेल तो इतिहास.

"काही झालं नाही इथं," तो म्हणाला. "जिप्सी आले, राहिले, गेले. आज इथं, उद्या तिथं. त्यांच्यावर कोण गोळ्या वाया घालवणार?"

दोघंतिघं हसले. झेम्फिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाखवायला तिच्याकडे काहीच नव्हतं. दूरवर तोफ धडाडली. हालिनानं चालकाला खूण केली, जेसीबीचा दात खाली आला.

तेवढ्यात झेम्फिराच्या पायाखाली काहीतरी पिचकलं. नासपती. घळभर पिकून पडल्या होत्या, सडत होत्या. हे गाव कुंपणावरच्या रानबोरांचाही मुरंबा घालणारं, आणि या फळांना महिनाभर कुणी हात लावला नव्हता. तिच्या आईनं मेलेल्यांसाठी नासपती जन्मभर सोडली होती. पण गावानं कुणासाठी सोडली?

तिनं ओच्यात फळं गोळा केली.

"ओमेल्यानकाका, घ्या. खा."

"मला दात कुठायत?"

"सरपंचबाई, तुम्हाला आहेत ना?"

हालिनानं हात खिशात घातले. "आंबट असतात."

"कधी खाल्लीत?"

"आई खाऊ द्यायची नाही."

"का?"

हालिना जेसीबीकडे बघायला लागली. हसणारेही आता जमिनीकडे बघत होते.

चालक यूखिम ओदेसाकडचा, सकाळपासून उपाशी. त्यानं खाली उडी मारली. "तुमची भांडणं चालू द्या. मावशी, इकडे आणा एक."

त्यानं फळ बाहीला पुसलं आणि तोंडाशी नेलं. ओमेल्यानची काठी सपकन आली. फळ लांब जाऊन पडलं.

"खाऊ नकोस ते!"

"ओ आजोबा! विष आहे का त्यात?" यूखिम हात चोळत ओरडला.

म्हाताऱ्यानं काठी खाली घेतली. आपण काय करून बसलो, हे त्याला काठी मारल्यावर कळलं होतं. झेम्फिरा त्याच्यावरची नजर काढायला तयार नव्हती.

"खड्डा माझ्या बापानं खणलाय," तो शेवटी म्हणाला. "पाठीला बंदूक लावून खणायला लावला. घरी आला आणि म्हणाला, काही झालं नाही. आम्हीही तेच म्हणत आलो."

तो सरपंचाकडे वळला.

"हालिना, माझ्या बागेतनं खणा."

जेसीबी मागे वळला. झेम्फिराला वाटलं होतं, जिंकलो तर हलकं वाटेल. तिला त्या म्हाताऱ्याचा गळा धरावासा वाटत होता. ती ओचा रिकामा करून निघाली, तर त्यानं मागून हाक मारली.

"पोरी, यांको तुझा कोण?"

ती मागे वळली. हे नाव तिनं गावात कुणासमोर उच्चारलं नव्हतं. आईनंसुद्धा ते एकदाच, मरताना घेतलं होतं.

"धाकटा मामा," ती म्हणाली.

"मला घोड्यावर बसवायचा," ओमेल्यान म्हणाला आणि मटकन खाली बसला.